कोरा रकाना

माझ्या लेकीला, मैथिलीला, मुलगी झाली ती मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी. त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमाराला माझी मुलगी मरायला लागली होती, आणि तिच्या मनगटावरचा आकडा चौदा होता.

आकडा म्हणजे काय ते आमच्या केल्डनमध्ये शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण हे बाहेरचं कुणीतरी वाचेल या आशेने मी लिहिते आहे, म्हणून सांगते. केल्डन हे अलाबामा राज्यातलं लहानसं शहर. इथल्या काउंटी हॉस्पिटलात पाय ठेवला की मनगटाला एक पट्टी बांधतात. ती नाडी, श्वास, घाम, ताप मोजते, तुमचं बोलणं आणि कण्हणं ऐकते आणि सगळं हॉस्पिटलच्या यंत्राला कळवते. यंत्र तुमच्या घराण्याची चार पिढ्यांची आरोग्याची कागदपत्रं बघतं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा देतं: या माणसाकडे लक्ष द्यायची आत्ता निकड किती. साठच्या वर गेलात तर दहा मिनिटांत डॉक्टर खाटेशी. विसाच्या खाली असलात तर चार तासांनी नर्स डोकावते. डॉक्टरला आकडा डावलता येतो, पण मग का डावलला याचं लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि लेखी उत्तर द्यायला जगात कुणालाच आवडत नाही.

यंत्र आणलं ते चांगल्या हेतूने, हे मी आजही म्हणेन. या देशातल्या वैद्यकाचा इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही. काळ्या माणसाचं फुप्फुस मुळातच लहान, असं श्वास मोजायच्या यंत्रात वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं असायचं. मूत्रपिंडाच्या तपासणीचं सूत्र त्यांच्यासाठी वेगळं, त्यामुळे नवं मूत्रपिंड मिळायच्या यादीत ते मागे राहायचे. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात तो चिमटा सावळ्या कातडीवर आहे त्याहून जास्त दाखवायचा. आणि आम्हाला तर चिनी, जपानी, फिलिपिनो सगळ्यांबरोबर 'एशियन' नावाच्या एकाच पोत्यात भरलेलं होतं. माझा नवरा श्रीकांत पंचेचाळिसाव्या वर्षी छातीत दुखतंय म्हणून इथे आला, तेव्हा 'एशियन, सडपातळ, धोका कमी' असं लिहून त्याला ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. त्यामुळे निवाडा माणसाच्या हातातून काढून घ्यायचा, वंशाचा रकानाच पुसून टाकायचा आणि शरीर काय सांगतं तेवढंच ऐकायचं, ही कल्पना मला फार पवित्र वाटली होती. यंत्राला शिकवायच्या कामात मीही होते. त्याबद्दल पुढे सांगतेच, सुटका नाही.

मैथिलीचं लग्न डेरिल टॉलिव्हरशी झालं. दोघं इथल्याच शाळेतले, आता डेन्व्हरला नोकरीला. डेरिलची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई लुएला, याच हॉस्पिटलात चाळीस वर्षं नर्स होत्या. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मुलगा माझा, बाळ त्याचं आणि बाळंतीण तुमच्याकडे, हा कुठला न्याय, असं म्हणाल्या. मग हसल्या. नियम तुमचा तर स्वयंपाकही तुमचाच, मी फक्त खायला येणार. दुसऱ्याच दिवशी त्यांची झुलती खुर्ची माझ्या दिवाणखान्यात आली आणि माझे डिंकाचे लाडू निम्मे संपले.

मी हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात काम करते. माणसं त्यांच्या कुटुंबाच्या कागदपत्रांशी जोडणं हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्याच सोमवारी, मी माझ्या हाताने मैथिलीला सबनीस कुटुंबातून काढून टॉलिव्हर कुटुंबात जोडलं. आमची या देशातली एकच पिढी. यंत्राला आमच्याबद्दल माहिती ती काय असणार? टॉलिव्हरांचं मात्र सगळं इथेच, १९३१पासूनची कार्डं. भरल्या घरात मुलगी दिली असं वाटलं होतं मला.

तर मंगळवार. सिझेरियन झालं, मुलगी सव्वासहा पौंडांची, केस दाट. डेरिलचं विमान संध्याकाळी पोचणार होतं, कारण बाळाने दहा दिवस घाई केली होती. अकरा वाजता मैथिली म्हणाली, "आई, खांदा दुखतोय. उजवा."

मी म्हटलं, वेडीवाकडी झोपली असशील.

हे मला लिहायलाच हवं, कारण यंत्राच्या आधी तिचं दुखणं मीच झटकलं. आमच्या घरात दुखणं बोलून दाखवत नाहीत. माझ्या आईला कसं आहे विचारलं तर जायच्या आदल्या दिवशीही ती 'बरं आहे' म्हणाली होती, आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो.

बारा वाजता मैथिली कण्हायला लागली. पोटात ताण, श्वास तोकडा, ओठ पांढरट. मी पट्टीकडे पाहिलं. सकाळी एकोणतीस असलेला आकडा एकोणीस झाला होता. आकडा उतरला म्हणजे बरं वाटत असणार, असं माझ्या मनात आलंच. शेजारच्या खाटेवर टाके दुखतात म्हणून तक्रार करणाऱ्या एका बाईचा आकडा त्रेसष्ट होता आणि तिच्याभोवती दोन डॉक्टर उभे होते.

लुएलाबाई साडेबाराला आल्या. बाळाकडे न जाता आधी सुनेकडे गेल्या. तिची पापणी खाली ओढून पाहिली, नख दाबून सोडलं, पोटावर हात ठेवला. खांदा कुठे दुखतो ते बोटाने दाखव म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"पोटात रक्त साचतंय," त्या म्हणाल्या. "साचलं की ते वर छातीच्या पडद्याला लागतं आणि खांदा दुखतो. टाका सुटला असेल. तासभर आहे आपल्याकडे, फार तर."

नर्सला बोलावलं. पोरगी वाईट नव्हती. तिने पट्टी पाहिली आणि आकडा चौदा असल्याचं सांगितलं. लुएलाबाईंनी नाडी एकशे अठ्ठावीस असल्याचं दाखवलं. ती म्हणाली, यंत्राने नाडी धरूनच आकडा दिलाय मॅडम, तुम्हाला तर माहीतच आहे. मघाचे दोन्ही डॉक्टर आता आत शस्त्रक्रियेत होते. आकडा विसाच्या वर गेला की लगेच बोलावते, असं तिने वचन दिलं. मैथिली मोठ्याने विव्हळली. आमच्या डोळ्यांदेखत चौदाचे बारा झाले.

ती ओरडली की आकडा उतरत होता.

मी जिन्याने धावत दोन मजले खाली माझ्या टेबलाशी गेले. रोग्याचा आकडा असा का आला त्याचं कारण यंत्र एका पानावर देतं. ते पान सहसा कुणी उघडत नाही. मी उघडलं. नाडी, श्वास, रक्तदाब सगळं बरोबर टिपलेलं होतं आणि त्या सगळ्याने आकडा वर ढकललेला होता. खाली एकाच गोष्टीने ओढला होता. तिथे लिहिलं होतं: 'या कुटुंबगटात वेदनेची तक्रार ही प्रकृती सुरक्षित असल्याची खूण आहे. आधार: जुनी कार्डं.'

पडद्यावर ती जुनी कार्डं उघडली. टॉलिव्हर, टॉलिव्हर, लुएलाबाईंच्या माहेरचे पिकेट, पुन्हा टॉलिव्हर. प्रत्येक कार्डावर 'वेदना' हा रकाना आणि त्यात शून्य. शून्य, शून्य, शून्य, मृत्यू. शून्य, शून्य, मृत्यू. आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी भरणाऱ्याची अक्षरं: व्ही. एस. वृषाली सबनीस.

सतरा वर्षांपूर्वी श्रीकांत गेल्यावर मला मिळालेली ती पहिली नोकरी. हॉस्पिटलच्या तळघरातली दोन लाख जुनी कार्डं वाचायची आणि यंत्रासाठी स्वच्छ करून भरायची. १९६५पर्यंत इथे दोन दवाखाने होते असं म्हणायला हरकत नाही. गोऱ्यांचा वर, उजेडात. काळ्यांचा तळघरात. वरच्या कार्डांवर दर चार तासांनी नर्सच्या सुबक अक्षरात लिहिलेलं असायचं, कुठे दुखतं, किती दुखतं. तळघरात चाळीस खाटांना एक नर्स. तिथल्या कार्डांवर नाव, तारीख आणि शेवटी गेला किंवा घरी सोडला, एवढंच. वेदनेचा रकाना कोरा. कुणी विचारलंच नव्हतं.

यंत्राला कोरा रकाना चालत नसे. रकाना कोरा राहिला की ते अख्खं कार्ड बाहेर टाकायचं. म्हणजे तळघरातली सगळी माणसं पुन्हा एकदा बाहेरच राहिली असती. मला ते बघवेना. मी विचार केला, लिहिलं नाही म्हणजे तक्रार नसेल. काही बोलली नाही म्हणजे बरी असेल. आमच्या घरात याचा अर्थ तोच होत होता ना. मी शून्य घातलं आणि कार्ड आत घेतलं. मग दुसरं. ऐंशी हजार कार्डं मी अशी वाचवली. विभागाच्या मुख्य बाईंनी माझ्या निगुतीचं सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि त्या दिवशी मी घरी शिरा केला होता.

यंत्राने त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं. वंशाचा रकाना त्याच्याजवळ नव्हताच. त्याच्याजवळ कुटुंबं होती. या कुटुंबांमध्ये जे मेले ते सगळे न दुखता, गप्प मेले. पुढे पासष्टनंतर सगळे एकाच मजल्यावर आले, तक्रारी लिहिल्या जायला लागल्या, आणि जे बोलले त्यांच्यातले पुष्कळसे वाचले. यंत्राने सरळ हिशेब केला: या घरातला माणूस बोलतोय म्हणजे तो सुखरूप आहे. त्यात त्याची काय चूक? मीच तसं लिहून दिलं होतं.

शून्यं पुसायचा अधिकार मला नव्हता. मला एकच गोष्ट येत होती, तीच मी केली. मैथिली टॉलिव्हर हे नाव निवडलं, कुटुंबातून काढलं आणि परत सबनीसांत जोडलं. लग्नच झालं नाही असं.

जिना चढून वर पोचेपर्यंत घंटा वाजत होती. आकडा एकाहत्तर. तेच शरीर, तीच नाडी, तेच कण्हणं. चार माणसं खाट ढकलत पळत होती आणि ती मघाची नर्स रडत होती. मला कुणी काही विचारलं नाही.

दोन तास लागले. सर्जन बाहेर येऊन म्हणाला की पोटातून अडीच लिटर रक्त काढलं, आणखी वीस मिनिटं गेली असती तर त्याला काही करता आलं नसतं. माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच त्याच्यामागून दुसरी भीती आली. रोज संध्याकाळी सहाला यंत्र राज्याच्या विवाहनोंदीशी स्वतःची जुळणी करतं. सहाला मैथिली परत टॉलिव्हर होणार. आणि बाळ? बाळाच्या पायाला इवलीशी पट्टी होती, तिच्यावर अजून आकडा नव्हता. जन्मनोंदीत बापाचं नाव पडलं की तो उमटणार.

आयसीयूबाहेरच्या बाकावर लुएलाबाई बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्या शांत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी या इमारतीत काढलेली. आकडा आपोआप चढत नाही हे त्यांना कळत होतं.

"काय केलंत खाली जाऊन?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. खोटी जोडणी, कारणाचं पान, कार्डं. मग त्यांनी विचारलं, "माझ्या आईचं कार्ड होतं त्यात? हॅटी पिकेट. अठ्ठावन्न साल."

"होतं."

"काय लिहिलं होतं त्यावर?"

"काहीच नव्हतं."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"शून्य," मी म्हटलं.

त्या बराच वेळ बाळाच्या केसांवरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं त्या उठून जातील, आणि त्या गेल्या असत्या तर मी त्यांना थांबवलं नसतं.

"माझी आई सतरा वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण. दोन दिवस ओरडत होती. तिचा आवाज वरच्या मजल्यावर जायचा म्हणून त्यांनी जिन्याचं दार लावून घेतलं. माझा तो भाऊ राहिला नाही. आईने हे मला शंभर वेळा सांगितलंय वृषाली, जिन्याचं दार लावून घेतलं म्हणून. आणि तुम्ही लिहिलंत, तिला काही दुखत नव्हतं."

मला रडू फुटलं. मी माफी मागितली, आणि ती फार लहान वाटली. मग मी जे बोलले त्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. मी म्हटलं, बाळाला आपण निदान काही दिवस सबनीसच ठेवू. बापाचं नाव नंतर घालू. तिला धोका नको.

"मैथिली वाचली, मी देवाचे पाय धरते," लुएलाबाई म्हणाल्या. "पण ती माझ्या घराचं नाव पुसून वाचली. असं किती जणांना पुसून वाचवाल? डेरिलला कसं पुसाल? मला? गावात आमच्यासारखी आठ हजार घरं आहेत. त्यांची आई नोंदणी विभागात नाही." त्यांनी बाळाला माझ्या मांडीवर दिलं. "हिचं नाव टॉलिव्हरच लागेल. आणि तुम्ही जे केलंत ते आजच लिहून द्यायचं. सगळं. तुमच्या सहीनिशी."

मी लिहून दिलं. पाच पानं. हॉस्पिटलच्या प्रमुखांना, यंत्र बनवणाऱ्या कंपनीला, राज्याच्या आरोग्य खात्याला. त्यातच खोट्या जोडणीचीही कबुली दिली, त्यामुळे बुधवारी सकाळी मला कामावरून दूर केलं. ते अपेक्षितच होतं. कंपनीचं उत्तर गुरुवारी आलं, फार सभ्य. ते म्हणतात, आपण उपस्थित केलेला मुद्दा गंभीर आहे. वेदनेचे रकाने मुळात कोरे होते हे पडताळण्यासाठी कृपया मूळ कार्डं सादर करावीत.

मूळ कार्डं नाहीत. भरून झाल्यावर ती कागद फाडायच्या यंत्रात घालून त्यांचा भुगा केला. तसा नियमच होता. नष्ट केल्याच्या प्रमाणपत्रावर सही माझी आहे.

तेव्हा मला खरी भीती काय असते ते कळलं. मैथिलीच्या वेळी वाटली होती तिला कुठेतरी शेवट होता, वाचेल किंवा जाईल. ही तशी नाही. ऐंशी हजार माणसांना दुखलं होतं की नाही, हे विचारायला आता जगात एकच जागा उरली आहे, आणि तिथे माझ्या हाताने भरलेलं शून्य आहे. ते रकाने कोरे होते हे फक्त मला माहीत आहे, आणि मी खोटी जोडणी केलेली, कामावरून काढलेली बाई.

आज शनिवार. मैथिली अजून आयसीयूत आहे. तिचा आकडा नऊ आहे, पण आयसीयूत दर खाटेला एक नर्स असते, आणि मंगळवारची ती रडणारी नर्स पोरगी ड्यूटी संपल्यावरही तिच्या उशाशी बसते. डेरिल खाली वकिलाशी बोलतो आहे. आल्यापासून त्याने मला पूर्वीसारखी 'आई' म्हणून हाक मारलेली नाही. मारावी अशी माझी अपेक्षाही नाही.

बाळ आमच्याजवळ, वॉर्डातल्या खोलीत आहे. लुएलाबाईंनी मंगळवारी संध्याकाळीच एक दोनशे पानी वही आणली. तिच्यात त्यांनी पट्टीने रेघा मारून रकाने आखले. तारीख, वेळ, रडली का, किती वेळ, काय केल्यावर थांबली. सुबक अक्षर, वरच्या मजल्यावरच्या कार्डांवर असायचं तसं. आम्ही पाळ्या लावून लिहितो. एकही रकाना कोरा सोडायचा नाही असं त्यांनी मला बजावलं आहे. काही झालं नसेल तर 'विचारलं, काही नाही' असं लिहायचं, आणि माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं. पहिली वही संपत आली. गावातल्या आणखी सहा बायकांनी येऊन रेघा कशा आखायच्या ते पाहून घेतलं. वही वाचायला मात्र अजून कुणी आलेलं नाही.

लुएलाबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या आहेत. माझी पाळी आहे. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. नात पाय पोटाशी घेते आहे, अंग थोडं गरम लागतं आहे, वीस मिनिटं झाली तरी रडं थांबत नाही. मी बेल दोनदा दाबली, तेही लिहिलं.

तिच्या पायावरचा आकडा मघाशी चार होता. ती रडते आहे, आणि आता तो तीन आहे.